मुकुटाची नक्षी आणि पैसा फंडाची काच

राजघराण्यातला काचेचा पेला विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा मुकुटाचे पैसे मोजतो. काच तीच, कापकाम तेच. पण पेल्याच्या पोटावर मुकुट आणि त्याखाली एकमेकांत गुंफलेली दोन अक्षरं कोरलेली असली की भाव कितीतरी पटींनी चढतो. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरचा दुकानदार पेला उजेडाकडे धरतो आणि एवढंच म्हणतो, "साहेब, राजघराने का माल है." कुठलं राजघराणं, कुठला काळ, वाड्याबाहेर तो कसा पडला, हे खोदून विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. मुकुट दिसला की सौदा निम्मा झालेला असतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जुन्या वस्तू जमवणारी माणसं पुष्कळ आहेत. कोणी नाणी जमवतं, कोणी टपाल तिकिटं, कोणी अडकित्ते, कोणी कंदील आणि समया. संस्थानिकांच्या वाड्यांतली कोरीव बिलोरी काच जमवणारे त्यांत थोडे, आणि मी त्यांच्यातला एक. या छंदाबद्दल मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. राजवाड्यातली काच जरूर जमवावी. पण ती कोणी घडवली, तिचा पैसा कुठून आला, ती कोणासाठी मांडली गेली आणि पुढे कशी विकली गेली, हा सगळा हिशेब तिच्याबरोबर सांभाळण्याची तयारी असेल तरच जमवावी. आणि तिच्या शेजारी, आपल्या माणसांनी पैशापैशाने उभ्या केलेल्या कारखान्यातली साधी काचही ठेवावी. या दोन काचा एकत्र पाहिल्याखेरीज दोन्हींपैकी एकीचाही अर्थ पुरता लागत नाही.

सुरुवात काचेपासूनच करू. आपण जिला क्रिस्टल म्हणतो ती शिसं घातलेली काच. 1674 साली जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज व्यापाऱ्याने अशा काचेचं पेटंट घेतलं. शिशामुळे काच जड होते, प्रकाश जास्त वाकवते, टिचकी मारली तर बराच वेळ गुंजते. आणि मुख्य म्हणजे मऊ राहते, त्यामुळे तिच्यावर खोल कापता येतं, बारीक कोरता येतं. आजच्या युरोपीय नियमांनुसार निदान 24 टक्के लेड ऑक्साइड असेल तरच काचेला लेड क्रिस्टल म्हणता येतं.

कापणं आणि कोरणं ही दोन वेगळी कामं आहेत. कापकाम दगडी चाकावर होतं. त्यातून हिऱ्यासारखे पैलू, तळाची चांदणी, उभ्या खाचा निघतात. कोरीवकाम तांब्याच्या चकत्यांवर होतं. टाचणीच्या डोक्याएवढ्या चकतीपासून नाण्याएवढ्या चकतीपर्यंत कारागिराजवळ कितीतरी चकत्या असतात. फिरणाऱ्या चकतीला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावायची आणि पेला तिच्याखाली धरायचा. यातली खरी अवघड गोष्ट अशी की, चकती काचेला जिथे टेकते ती जागा कारागिराला दिसतच नाही. चकतीनेच ती झाकलेली असते. तो बोटांच्या अंदाजाने आणि कानाला येणाऱ्या आवाजावरून कोरत जातो. मुकुटाच्या वरच्या मोत्यांची रांग, हत्तीच्या सोंडेची वळी, वेलीच्या पानाची शीर, सगळं असं न पाहता उतरलेलं असतं.

हे कसब मध्य युरोपातल्या बोहेमियात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं गेलं. एकोणिसाव्या शतकात तिथले कारागीर इंग्लंडात जाऊन स्थायिक झाले. स्टौरब्रिजच्या काचउद्योगात नाव काढलेले विल्यम फ्रिट्श आणि फ्रेडरिक क्नाय हे मूळचे बोहेमियाचे. पण त्यांच्यासारखी नावं टिकली ती मोजक्यांची. कापलेल्या काचेला झिलई आणायला जी पूड वापरत, तिच्यात शिसं असायचं. वर्षानुवर्षं ती हाताळणाऱ्या कामगारांना शिशाची विषबाधा व्हायची आणि मनगटं लुळी पडायची. राजवाड्यातल्या मेजावरची लखलख कोणाच्या तरी मनगटाच्या मोलाने आलेली होती. मुकुटाकडे बोट दाखवणारा दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला ते कोणी विचारतच नाही.

आता तो मुकुट. संग्राहकाला तो पुरातन वाटतो. घराण्याच्या मुळापासून चालत आलेली खूण वाटते. इतिहास वेगळं सांगतो. 1 जानेवारी 1877 रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. त्या दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणं देण्यात आली आणि प्रत्येक निशाणावर युरोपीय धर्तीची कुलचिन्हं होती. 90च्या आसपास संस्थानांसाठी ही चिन्हं रॉबर्ट टेलर या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने आखली. ढाल, ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे प्राणी, वर शिरस्त्राण, खाली बोधवाक्याची फीत, हा सगळा साचा युरोपातल्या सरदारघराण्यांचा. सूर्य, वाघ, तलवार अशा इथल्या खुणा त्या साच्यात बसवल्या गेल्या. पुढे हीच चिन्हं राजवाड्यांच्या कमानींवर, लेटरहेडांवर, चांदीच्या चमच्यांवर आणि काचेच्या पेल्यांवर चढली.

मराठी राज्यांची जुनी खूण वेगळ्या जातीची होती. शिवछत्रपतींची मुद्रा हा संस्कृत श्लोक आहे आणि ती लोकांच्या कल्याणासाठी शोभते असं ती स्वतःच सांगते. ती कागदावर उमटायची, हुकमाला बळ द्यायची आणि हुकूम देणाऱ्याला बांधूनही ठेवायची. पेल्यावरच्या मुकुटात असं कुठलंच वचन नाही. तो दर्जा दाखवतो, आणि तोही परक्या सत्तेने वाटून दिलेला. तोफांच्या सलामीची संख्या जशी कलकत्त्याहून ठरायची, तशीच ही चिन्हं. तेव्हा मुकुटासाठी चौपट पैसे मोजणाऱ्याने, आपण कशाची किंमत देतो आहोत हे एकदा स्वतःला विचारावं.

1877च्या त्याच दिल्ली दरबारात एक मराठी माणूस घरी कातलेल्या सुताच्या खादीत हजर होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, लोक ज्यांना सार्वजनिक काका म्हणत. रेशीम, हिरे आणि निशाणांच्या त्या गर्दीत ते सभेचं मानपत्र घेऊन गेले होते आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेसारखेच हक्क मिळावेत अशी मागणी त्यांनी केली. त्या सुमाराला दख्खनमध्ये 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ चालू होता. लाखो माणसं अन्नावाचून गेली. सार्वजनिक सभा गावोगावची दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती. याच काळात, 1877च्या सुमारास, उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंहांनी बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर कंपनीकडे काचेच्या खुर्च्या, मेजं, पलंग आणि जेवणाच्या सरंजामाची मागणी नोंदवली. 1884 साली महाराणा तरुण वयातच गेले, आणि हा माल पुढे शंभराहून अधिक वर्षं पेट्यांमध्येच बंद राहिला. आज तो उदयपूरच्या फतेह प्रकाश महालात पाहायला मिळतो.

ऑस्लर हे नाव संग्राहकांच्या तोंडी नेहमीचं. लंडनच्या 1851च्या महाप्रदर्शनात मधोमध उभं असलेलं 27 फूट उंच आणि चार टन वजनाचं काचेचं कारंजं त्यांचंच. कलकत्त्याला त्यांचं विक्रीदालन 1840च्या दशकापासून होतं. फ्रान्सच्या बाकारा कंपनीनेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत दुकान थाटलं. म्हणजे हिंदुस्थानी संस्थानिक हे युरोपातल्या काचउद्योगाचं मोठं, भरवशाचं गिऱ्हाईक होतं. ग्वाल्हेरचे शिंदे मूळ सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. त्यांचा जयविलास महाल 1874 साली बांधून झाला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची; ती टांगण्याआधी छत तेवढा भार पेलतं का हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. त्याच महालात जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. तिच्या डब्यांत काचेच्या सुरया असतात. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. आणि तिथेच जन्माष्टमीला बाळकृष्णासाठी वापरतात तो काचेचा पाळणाही आहे. एकाच छताखाली मद्याची सुरई आणि कृष्णाचा पाळणा, दोन्ही परदेशी काचेचे. त्या काळातल्या मराठी राजघराण्यांचं जग एका दृष्टिक्षेपात कळावं, असा हा जिन्नस आहे.

ही खरेदी केवळ हौसेपोटी झाली असं मानणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. संस्थानिकाच्या घरी ब्रिटिश सरकारचा रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट जेवायला यायचा. त्याच्या पद्धतीने मेज मांडलं नाही तर महाराज मागासलेले ठरत, आणि मागासलेपणाचा शिक्का संस्थानाच्या कारभारावर बेतायचा. त्यामुळे आबदारखान्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांशेजारी काचेचे पेले आले. पाण्याचा वेगळा, शेरीचा वेगळा, शँपेनचा वेगळा. कुठला पेला कुठल्या हाताला ठेवायचा हे आबदारांना शिकावं लागलं. ती काच राज्याच्या दरबारी व्यवहाराचं हत्यार होती, आणि त्या हत्याराचा खर्च शेतसाऱ्यातून निघत होता.

शिवाय सगळे संस्थानिक एका माळेचे मणी नव्हते. सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाहू महाराजांनी 1902 साली कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 साली प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवणारी घटना दिली. दुसरीकडे प्रजेच्या पैशावर विलायतेत मजा करणारेही होते. मुकुट हा फरक सांगत नाही. काचेवर कोरलेला मुकुट रयतेच्या राजाला आणि उधळ्या राजाला एकाच ओळीत बसवतो. म्हणूनच पेला कोणत्या वाड्यातला, कोणत्या कारकिर्दीतला, हे ठाऊक असणं ही संग्राहकाची चैन नसून जबाबदारी आहे.

माझ्याकडे दोन पेले आहेत, एकाच जोडातले. सहा पैलूंचा दांडा, तळाला चांदणी, पोटावर मुकुट आणि गुंतलेली दोन रोमन अक्षरं. शेजारी शेजारी ठेवले की एक दुसऱ्याहून किंचित ठेंगणा दिसतो. भिंगातून पाहिलं तर ठेंगण्याच्या काठावर घासल्याच्या बारीक समांतर रेघा दिसतात. दुसऱ्याचा काठ मात्र भट्टीत वितळून गोल झालेला, गुळगुळीत. कधी काळी काठाला टवका उडाला, आणि कोणीतरी तो फेकून न देता काठ घासून सारखा करून घेतला. ठेंगणेपणाची ही जवभर खूण मला मुकुटाहून मोलाची वाटते. वाड्याच्या खाजगीकडे, म्हणजे राजाच्या घरगुती खर्चाच्या खात्याकडे, कोणी तरी हिशेबी कारभारी होता. बारा पेल्यांचा संच अपुरा पडू नये म्हणून त्याने धडपड केली, आणि कुठल्या तरी कारागिराने चाकावर बसून तो काठ जुळवून दिला. चांदीच्या आगगाडीतून संस्थानाचा डामडौल कळतो. या काठातून तिथला संसार कळतो.

हे पेले वाड्यांबाहेर पडले तेही इतिहासाच्याच ओघात. 1948-49 मध्ये दख्खनची संस्थानं, कोल्हापूर, बडोदा विलीन झाली. ठाण्याला सगळ्यांत जवळचं संस्थान म्हणजे मुकणे घराण्याचं जव्हार. तेही 1948 साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं आणि 2014 साली पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यातच राहिलं. त्यानंतर 1953चा इस्टेट ड्युटीचा कायदा आला, 1957 साली संपत्ती कर आला, आणि 1971च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. प्रजासत्ताकात हे होणं योग्यच होतं. पण वाडे राखायला पैसा उरला नाही, माणसं कमी झाली, आणि फरासखान्यातली, आबदारखान्यातली चीजवस्तू मोटारींत भरून मुंबईच्या दुकानांत उतरली. ती विकताना यादी कोणी केली नाही, केली तर जपली नाही. संचातले बारा पेले बारा घरांत गेले. काच शाबूत राहिली, पण तिची ओळख फुटली.

मला याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते, आणि ती काळजी ठाणे-कल्याण-डोंबिवलीची आहे. या शहरांत बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. "आमचे पणजोबा संस्थानात खाजगीकडे होते," "आजोबा महाराजांचे डॉक्टर होते," अशी वाक्यं नौपाड्यात, डोंबिवलीच्या टिळकनगरात, कल्याणच्या पारनाक्याच्या आसपास सहज कानावर पडतात. अशा घरांत महाराजांनी बक्षीस दिलेली एखादी गुलाबदाणी, अत्तराची कुपी, झाकणाचा काचेचा डबा शोकेसमध्ये असतो. दुकानातल्या पेल्याला जे नसतं ते या वस्तूला असतं: ती कोणी दिली, का दिली, कोणत्या प्रसंगी दिली, हे सांगणारं घरातलं तोंड.

आणि हीच घरं आज पुनर्विकासात जात आहेत. इमारत रिकामी करायची तारीख येते, भाड्याच्या घरात तात्पुरतं राहायचं असतं, सामान निम्म्यावर आणायचं असतं. "आजी, हे सगळं कुठे ठेवणार?" हा प्रश्न घरोघर विचारला जातो. मग शोकेस भंगारवाल्याकडे जातं, आणि शोकेसबरोबर आत असलेलंही. काही वस्तू चोर बाजारापर्यंत पोचतात आणि तिथे त्यांना नवी, सोईची जन्मकथा मिळते. आजीबरोबर तिच्या आठवणीही जातात. मुकुटाला मोल देणाऱ्या बाजाराला या आठवणींचं काहीच मोल नाही. ते मोल संग्राहकानेच द्यायला हवं.

काही स्नेही मला विचारतात, सरंजामशाहीचं हे उष्टं कशाला जपायचं? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. काच फोडून किंवा विसरून सरंजामशाही इतिहासातून पुसली जात नाही. उलट तिचे पुरावे जातात. दुष्काळाच्या साली कोणत्या प्रकारच्या वस्तूंवर पैसा खर्च होत होता, हे पुस्तकातल्या वाक्यापेक्षा हातातल्या पेल्याच्या वजनाने जास्त कळतं. पण हा पुरावा पुराव्यासारखा वागवला तरच. नुसता मुकुट दाखवून पाहुण्यांना दिपवणारा संग्राहक, दीडशे वर्षांपूर्वी रेसिडेंटला दिपवणाऱ्या महाराजांचंच काम पुढे चालवतो. म्हणून आक्षेप जमवण्यावर नसावा; ज्या नजरेने जमवलं जातं तिच्यावर असावा.

दुसरा आक्षेप असा की, हे काम संग्रहालयांचं आहे. पण महाराष्ट्रातलं या विषयातलं सगळ्यांत मोठं उदाहरण एका खाजगी माणसाचं आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. 1920च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने सुमारे 20 हजार वस्तू गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारलं आणि अखेर ते सरकारच्या हवाली केलं. केळकरांनी मस्तानीच्या महालाचे अवशेषही आणले आणि स्वयंपाकघरातले अडकित्ते, दिवे, भांडीही आणली. राजाचं आणि रयतेचं एकाच छपराखाली ठेवलं, म्हणून तो संग्रह महाराष्ट्राचा झाला.

काचेच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवली तर आपण तळेगाव दाभाड्याला पोचतो. अंताजी दामोदर काळे यांनी एक कल्पना मांडली होती: दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. जपानात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. तिथे काच बनवली जात होती आणि शिकवलीही जात होती. तिथे तयार झालेली माणसं पुढे देशात ठिकठिकाणी काचकारखान्यांत गेली. त्यानंतरच्या दशकात कऱ्हाडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, वस्तीचं नाव ओगलेवाडी पडलं, आणि 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लागला.

तळेगावच्या किंवा ओगलेवाडीच्या काचेत बुडबुडे असतात, हिरवट झाक असते, जाडी कमी-जास्त असते. तिच्यावर मुकुट नाही. पण तिच्यामागे सार्वजनिक काकांच्या खादीचा धागा आहे. 1877च्या दरबारात मुकुट आणि खादी एकाच मंडपाखाली होते; त्यानंतर मुकुट बिलोरी पेल्यावर गेला आणि खादीमागचा विचार तीस वर्षांनी तळेगावच्या भट्टीत उतरला. औंधमध्ये तर दोन्ही वाटा एकत्र आल्या: राजाच्या हद्दीत कारखाना आणि राजाच्या हातून प्रजेला घटना. ज्याच्या कपाटात संस्थानी पेला आणि प्रभाकर कंदिलाची काच शेजारी शेजारी आहेत, त्याच्याकडे हा इतिहास पुरा आहे. बाजारात कंदिलाच्या काचेला आजही फारशी किंमत नाही, त्यामुळे ती भराभर फुटून संपते आहे. तिला मान संग्राहकांनी द्यायचा आहे.

काच आणि ठाणे-कल्याणचा हा परिसर यांचं नातं तसं फार जुनं आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं त्यात म्हटलं आहे. आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. पश्चिमेची काच या किनाऱ्यावर उतरू लागली त्याला सुमारे दोन हजार वर्षं झाली. मुकुटवाले पेले त्या लांब व्यापाराचा एक अलीकडचा टप्पा.

आता कामाचं बोलतो. नव्याने या छंदात पडणाऱ्याने आधी तळ पाहावा. शंभर वर्षं मेजावर, फडताळात सरकलेल्या पेल्याच्या बैठकीला बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असतात. मुद्दाम जुना दाखवलेल्या पेल्याचे ओरखडे एका दिशेचे असतात. कोरीवकामात खोली बदलती हवी. सगळीकडे सारखीच खोली आणि पांढरट खरखर दिसली तर ते वाळूच्या माऱ्याने किंवा यंत्राने केलेलं काम. जुन्या साध्या पेल्यावर नंतर मुकुट कोरल्याचेही प्रकार होतात. मग आजूबाजूला झीज आणि कोरलेल्या कडा मात्र ताज्या, असं दिसतं. आमच्या दमट हवेत पावसाळ्यात पेले वर्तमानपत्रात गुंडाळून बंद ठेवू नयेत, ओल धरून काच अंधुक होते. रुळांजवळच्या इमारतींत गाड्यांच्या हादऱ्याने पेले एकमेकांना लागतात, म्हणून मधे अंतर आणि खाली जाड कापड हवं. शिशाच्या काचेत लिंबाचं सरबत किंवा मद्य साठवून ठेवू नये. अशा द्रवांत शिसं उतरतं. कायदाही ठाऊक हवा. 1972च्या पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाला भेट म्हणून सुटकेसमध्ये घालून देण्याआधी हे लक्षात ठेवावं.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट कागदाची आहे. प्रत्येक वस्तूसाठी एक पान असावं. ती कोणाकडून आली, केव्हा, सांगणाऱ्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, काय तपासून पाहिलं, कशाचा पुरावा आहे, कशाचा नाही. मोजमाप, वजन, फोटो, टवके, दुरुस्त्या. "राजघराण्यातला" एवढंच ठाऊक असेल तर तेवढंच लिहावं. अंदाजाला खात्रीचा पोशाख चढवू नये. असं पान असलेली मामुली कुपी ही पान नसलेल्या झगमगीत सुरईपेक्षा जास्त मोलाची, हे संग्राहकांनी आपल्या वागण्यातून बाजाराला शिकवायला हवं. पान मागणारं गिऱ्हाईक वाढलं तर दुकानदारही पान जपू लागेल.

हे काम एकट्यादुकट्याच्या कपाटात राहून भागणार नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून चालू आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. लोकांनी आपापल्या घरातली पुस्तकं आणि पैसे देऊन या संस्था मोठ्या केल्या. त्यांच्या छत्राखाली घरगुती जुन्या वस्तूंची एक नोंदवही सुरू व्हावी, अशी माझी मागणी आहे. वस्तू ज्याची त्याच्या घरी राहील. वाचनालयात फक्त तिचं पान आणि फोटो जमा होईल. इमारत पुनर्विकासाला जाण्याआधी एखादा स्वयंसेवक घरी जाऊन आजी-आजोबांचं सांगणं टिपून घेईल. वर्षातून एकदा या वस्तूंचं प्रदर्शन भरेल आणि त्यात मुकुटाच्या पेल्याशेजारी कंदिलाची काच असेल. यासाठी मोठी इमारत लागत नाही, सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. लागतात ती एक वही, एक कॅमेरा आणि वस्तू दाखवण्याइतका एकमेकांवरचा विश्वास. पैसा फंडाने एकेका पैशातून काचेची भट्टी पेटवली. एकेका पानातून आपल्या शहरांची नोंदवही उभी राहणं त्याहून अवघड नाही. माझ्या दोन पेल्यांची पानं मी लिहून ठेवली आहेत, आणि नोंदवही उघडेल त्या दिवशी ती पहिल्यांदा जमा करायला मी तयार आहे.